चौदा ऑपरेशन्स, शंभर टक्के रिझल्ट

दुबईच्या मीना बाजारात बायकोच्या मागे पिशव्या धरून उभं राहायला घाबरणारा माणूस कुठल्या थराला जाऊ शकतो, हे बघायचं असेल तर युसुफ परकारला भेटा.

युसुफ अबू धाबीकडच्या एका लष्करी कॅम्पात स्टोअरकीपर. सिव्हिलियन. म्हणजे बंदुका नाहीत; ब्लँकेटं, बादल्या आणि साबणाच्या पेट्या. पण खलिफा सिटीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये तो 'आमच्या आर्मीत असं नसतं' म्हणूनच बोलायचा. (ब्लँकेटं मोजणाऱ्यालाही थोडी ऐट लागते हो.)

ऑक्टोबरात धाकट्या मेहुणीचा, मरियमचा, निकाह ठरला. पंचवीस जानेवारी, रत्नागिरी. बायकोनं, शहरबानूनं, त्याच संध्याकाळी फर्मान काढलं, "आता दर शनिवारी बर दुबईचा मीना बाजार. गाडी तुम्ही चालवायची, पिशव्याही तुम्हीच धरायच्या."

मागच्या ईदला एका ओढणीची लेस शोधत युसुफ सोळा दुकानं हिंडला होता आणि लेस शेवटी पहिल्याच दुकानातली घेतली होती. तोंडातून निघून गेलं, "शनिवारी मला नाही जमायचं. व्हॉलंटिअर वर्क आहे."

"कसलं?"

दुपारी कॅम्पच्या नोटिस बोर्डावर वाचलेला एक कागद त्याच्या डोळ्यांसमोर आला. "सर्च अँड रेस्क्यू."

शहरबानूच्या चेहऱ्यावर लग्नानंतर पहिल्यांदाच आदर दिसला. झालं, परतीची वाट बंद. ती शेजारच्या ताजबीच्या गाडीतून खरेदीला गेली आणि हा गेला वाळवंटात.

तिथं विभावरीताई होत्या. पुण्याच्या, जनावरांच्या डॉक्टर. वाळवंटात हरवलेल्यांना शोधायला त्या कुत्री तयार करायच्या. युसुफकडे त्यांनी चपलेपासून टोपीपर्यंत पाहिलं.

"पळता येतं?"

"नाही."

"दोरावरून उतरता येतं?"

"नाही. पोहता येतं."

"इथं?" असं म्हणून त्यांनी क्षितिजापर्यंत पसरलेल्या वाळूकडे बोट केलं. "एका जागी गप्प बसता येतं?"

"ते उत्तम येतं. सोळा वर्षांची नोकरी आहे."

"मग तुम्ही हरवा."

तर काम असं होतं. कुत्र्याला माणूस शोधायला शिकवायचं, तर आधी कोणीतरी हरवायला हवं. युसुफनं टेकाडामागे किंवा गाफच्या झाडाखाली जाऊन बसायचं. 'चकली' नावाच्या कुत्रीनं वास काढत यायचं, समोर ऐटीत बसून भुंकायचं. मग युसुफनं तिला शाबासकी म्हणून काहीतरी खाऊ घालायचं. विभावरीताईंनी बिस्किटं दिली होती, पण चकलीला युसुफच्या डब्यातलं सुकं मटण जास्त पटलं. (तिची चूक नाही. शहरबानूच्या हातचं सुकं मटण तुम्ही खाल्लेलं नाही.)

अडचण एकच होती. कुत्र्याची लाळ लागली तर सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीनं, हा घरचा नियम. माती तिथं मुबलक, पाणी युसुफ कॅनमधून न्यायचा. दर शनिवारी तो ओल्या पँटनं घरी यायचा.

"एवढे भिजता कसे?" शहरबानू विचारायची.

"रेस्क्यूत घाम येतो."

"आणि डबा चाटूनपुसून साफ!"

"रेस्क्यूत भूकही लागते."

ती पुढच्या शनिवारी दोन तुकडे जास्त द्यायची.

डिसेंबरात कॅम्पात अप्रेझलचे फॉर्म आले. ज्याला 'एक्सलंट' मिळेल तो सुट्टीच्या तारखा आधी निवडणार. बाकीच्यांनी उरल्यासुरल्या घ्यायच्या, असा तिथला कायदा. युसुफला दरवर्षी 'सॅटिस्फॅक्टरी' मिळायचं आणि सुट्टी ऑगस्टात. यंदा ते चालणार नव्हतं. मरियमचे अब्बा गेल्यापासून तिची शाळा, कॉलेज, सगळं युसुफनं पाहिलं होतं. फोनवर ती म्हणाली होती, "दुल्हाभाई, निकाहला साक्षीदार तुम्ही. तुम्ही नाही आलात तर मी कबूल म्हणणार नाही." आणि ती मुलगी बोलल्याप्रमाणे वागणारी होती. बहीण कोणाची!

युसुफ फॉर्म घेऊन ऑफिसातल्या सोमनाथकडे गेला. सोमनाथ साताऱ्याचा, कॅम्पातल्या निम्म्या लोकांची अप्रेझलं हाच लिहायचा. कुलूप उघडणाऱ्या शिपायाला त्यानं 'प्रवेशव्यवस्थेचं नियंत्रण' करून बढती मिळवून दिली होती.

"तुझ्या फॉर्मात लिहायचं काय? ब्लँकेटं?" सोमनाथ म्हणाला. "इथं आकडे लागतात बाबा. केलं काय, किती वेळा, निकाल काय. व्हॉलंटिअर वर्कचा रकाना आहे बघ, त्यात काही?"

युसुफनं लाजत लाजत सगळं सांगितलं. सोमनाथ हसून हसून खुर्चीतून सरकला. मग एकदम गंभीर झाला.

"किती वेळा हरवलास?"

"चौदा. कधी कधी दिवसातून दोनदा."

"किती वेळा सापडलास?"

"आता चौदाच ना! नाहीतर इथं कसा असतो?"

"मग झालं तर," म्हणून त्यानं टाइप केलं: 'चौदा सर्च अँड रेस्क्यू ऑपरेशन्समध्ये मध्यवर्ती भूमिका. वाळवंटात एकूण बावन्न तास. हरवलेली व्यक्ती प्रत्येक वेळी सुखरूप सापडली. यशाचं प्रमाण शंभर टक्के.'

"अरे, हे खोटं आहे!"

"एक शब्द दाखव खोटा."

युसुफनं तीनदा वाचलं. एकही सापडला नाही.

"अप्रेझलमध्ये खोटं लिहायचं नाही," सोमनाथ म्हणाला, "आणि खरं पुरतं लिहायचं नाही. कर सही. यल्ला, लवकर."

आठवड्यानं कॅप्टन झैदनी युसुफला बोलावलं. हा उमदा माणूस, हिंदी आपल्यापेक्षा बरी बोलायचा. ते उठून उभे राहिले, हस्तांदोलन केलं. "युसुफ हबीबी, चौदा? हमारे फौजियों ने भी इतना नहीं किया! और तुम चुपचाप साबुन बाँटते रहे?"

युसुफला खरं सांगायचं होतं. (असं तो अजूनही शपथेवर सांगतो.) पण तेवढ्यात कॅप्टन म्हणाले, "पच्चीस जनवरी की छुट्टी चाहिए ना? पक्का. बस, दस जनवरी को फॅमिली डे है. तुम एक डेमो करोगे. लीडर तुम. कुत्तेवाली टीम को मैंने बुला लिया है. उसके बाद साइन, खलास."

युसुफ तिथून थेट सोमनाथकडे धावला.

दहा तारखेला मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्याच रांगेत शहरबानू, ताजबी आणि दहा वर्षांची लेक इन्शा. शहरबानूनं मरियमच्या लग्नासाठी घेतलेला शरारा आजच घातला होता. रेस्क्यू लीडरची बायको म्हणजे काय चेष्टा आहे? हरवलेला माणूस म्हणून सोमनाथला पाठवलं होतं. "लिहिलं तू, आता निस्तरही तूच," युसुफनं बजावलं होतं, आणि सोमनाथ मैदानापलीकडच्या रिकाम्या ड्रमांमागे जाऊन दबा धरून बसला होता.

विभावरीताई चकलीला घेऊन आल्या. लीडरच्या जाकिटातला युसुफ बघून त्या थबकल्या. "परकार, तुम्ही इथं उभे? हरवायचं नाही का आज?"

"ताई, हळू बोला," युसुफ पुटपुटला. "आज मी शोधणार आहे."

"तुम्ही?" ताई म्हणाल्या. पुणेरी माणूस एका शब्दात किती अपमान भरू शकतो, ते युसुफला त्या दिवशी कळलं.

कॅप्टननी शिट्टी वाजवली. ताईंनी चकलीला सोमनाथचा रुमाल हुंगवला आणि सोडली. चकली सुसाट धावत सुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मधेच तिनं नाक वर केलं, वारा हुंगला, गर्रकन वळली, तशीच उलटी आली आणि युसुफसमोर ऐटीत बसून भुंकली.

"शू! जा! तिकडे!" युसुफ दातांमधून म्हणाला.

ताईंनी पुन्हा रुमाल हुंगवला. चकली दहा पावलं गेली आणि परत आली. तिसऱ्यांदा ती जागची हललीसुद्धा नाही. मूर्ख माणसाला समजवावं तशी त्याच्याकडे बघून भुंकत राहिली.

"डॉक्टर, ये लीडर को क्यों पकड़ रही है?" कॅप्टननी विचारलं.

विभावरीताईंना खोटं बोलायची सवय नव्हती. "सर, इसने आज तक इन्हींको ढूँढा है. चौदह बार. ये हमारे हरवलेले माणूस हैं."

पहिल्या रांगेतून इन्शाचा आवाज खणखणीत आला, "अब्बा, शी फाउंड यू अगेन!"

मग जे हसू फुटलं ते थांबेना. कॅप्टन झैद तर डोळे पुसत खाली बसले. शहरबानू मात्र हसत नव्हती. तिची नजर युसुफच्या खिशाकडे होती. चकलीनं त्यातून एक पुडी ओढून काढली होती आणि ती मन लावून खात होती.

"ते माझं सुकं मटण आहे?" शहरबानूनं विचारलं.

"अगं, तिला आवडतं..."

"दोन महिने मी दोन तुकडे जास्त देत होते. नवऱ्याला भूक लागते म्हणून!"

लोक बिर्याणीकडे वळले. अर्ध्या तासानं कोणीतरी विचारलं, सोमनाथ कुठाय? तेव्हा तो ड्रमांमागून स्वतःच उठून आला, उन्हानं लाल झालेला. बिर्याणीचा वास त्याच्यापर्यंत पोचला होता. त्या दिवशीचं एकमेव यशस्वी रेस्क्यू बिर्याणीनं केलं.

सोमवारी युसुफ मान खाली घालून कॅप्टनसमोर उभा होता. 'एक्सलंट' खोडून 'सॅटिस्फॅक्टरी' केलेलं त्याला लांबूनच दिसलं. मरियमचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

"सर, सुट्टी..."

"छुट्टी तो लेनी पड़ेगी," कॅप्टन म्हणाले. "बीस जनवरी से दो हफ्ते यहाँ डॉग ट्रेनिंग है. चकली भी आएगी. डॉक्टर ने लिखके दिया है, जब तक तुम इस मुल्क में हो, वो किसी और को नहीं ढूँढेगी." त्यांनी कागद पुढे सरकवला. सुट्टीच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'कॅम्पाच्या हितासाठी कर्मचाऱ्याची अनुपस्थिती आवश्यक.'

युसुफ तो कागद नाचवत घरी आला. "बघ बघ! आर्मीनं लेखी दिलंय, मी गेल्याशिवाय त्यांचं काम होणार नाही!"

शहरबानूनं चष्मा लावून कागद नीट वाचला, घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिला.

"तुमच्या आर्मीला सोळा वर्षं लागली होय," ती म्हणाली. "मला आपल्या निकाहच्या आठवड्यातच कळलं होतं."