बस्त्यावकाकांची नाळ

आमच्या कमल सोसायटीच्या फाटकावर नवा बोर्ड बसला, त्या सकाळी बस्त्यावकाका त्याच्याखाली प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले ते जेवणाच्या वेळेपर्यंत उठले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते बोट वर करून एकच प्रश्न विचारत होते, "हा ल कोनाचा?"

बोर्डावरचा ल हिंदी वळणाचा होता, उजवीकडे सरळ दांडी असलेला. आपल्या ल ला दोन पाकळ्या असतात आणि मधून देठ वर रेघेला जातो. हा फरक आमच्या गोखिवरे गावात त्या सकाळपर्यंत कोणी लक्षात घेतला नव्हता.

"काका, वाचता येतंय ना? मग झालं," सेक्रेटरी म्हणाले.

"वाचता तर डाक्टरची चिठ्ठीपन येते केमिस्टला. ती लावू फाटकावर?" काका म्हणाले. "नाव कमल आणि पाकळ्याच नाहीत. लाज पाहिजे."

चार दिवसांनी बोर्डावरच्या ल ला पाकळ्या आल्या होत्या. ब्रशचं काम इतकं सफाईदार, की जवळून पाहिलं तरी जोड दिसत नव्हता. सोसायटीच्या मालमत्तेत फेरफार केल्याबद्दल कमिटीने नोटीस लावली. नोटिशीत अकरा ल होते. संध्याकाळपर्यंत अकराही दुरुस्त झाले होते.

बस्त्याव पेंटर मूळचे किनाऱ्यावरच्या पाचूबंदरचे. घर मासेमारीचं, पण समुद्रावर गेलं की पोट ढवळायचं. म्हणून ते किनाऱ्यावर राहिले आणि इतरांच्या होड्यांवर नावं रंगवू लागले. जाडजूड, पिवळी, मागे लाल सावली असलेली अक्षरं. फळी वाकलेली असते, त्यामुळे अक्षर थोडं तिरपं काढावं लागतं, तेव्हा ते लांबून सरळ दिसतं. पुढे चिकटवायचे छापील स्टिकर आले आणि होडीवाल्यांनी ब्रशवाल्याला बोलावणं बंद केलं. काकांनी स्टिकरला कधी स्टिकर म्हटलं नाही. ते त्याला 'खरूज' म्हणतात.

साठी उलटल्यावर ते नात ग्रेटाकडून कॉम्प्युटर शिकले आणि आपल्या होडीच्या अक्षरांचा फॉन्ट बनवायला बसले. होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, नाव तिथेच रंगवायचं. म्हणून फॉन्टचं नाव नाळ. त्यातला ण त्यांनी सात वेळा काढला आणि पुसला. मी एकदा म्हणालो, "काका, तुमच्या बोलण्यात तर ण येतच नाही. कोन म्हणता, पानी म्हणता."

"म्हनून तर लिहिताना त्याला जास्त जपतो," ते म्हणाले. "पेपरवाले, बोलनं वेगळं, अक्षर वेगळं."

मी त्यांच्यासाठी कायम पेपरवाले. वर्तमानपत्राच्या डेस्कवरून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली, ही बातमी त्यांनी स्वीकारलेली नाही.

ग्रेटाचं लग्न ठरलं आणि काकांना नवा राग सापडला. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीचं पाणी आणतात, तेव्हाची गाणी आता मोजक्या म्हाताऱ्यांना येतात. पोरींना म्हणता यावीत म्हणून चर्चच्या गायनवृंदाच्या मास्तरांनी ती पाच रेघांच्या पाश्चात्त्य पद्धतीत लिहून दिली. काकांनी कागद पाहिला आणि परत केला.

"बोंबील वाळत घातल्यासारखे सूर टांगलेत दोऱ्यांवर. बाईचा आवाज असा टांगतात?"

पेटीच्या सा रे ग म मध्येही तो आवाज बसेना. मग काकांनी फॉन्टमध्येच खुणा काढल्या. सूर वर चढला की लाट, लांबवायचा असला की दोरी, कापरा झाला की जाळ्याचं बूच. गाण्याच्या प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक खूण. त्या गाण्यांचं छोटं पुस्तक जुळवलं, त्याच्या पहिल्या पानावर खुणांची यादी आणि अर्थ. ग्रेटाच्या मैत्रिणींना अर्ध्या तासात वाचता येऊ लागलं, हे मी स्वतः पाहिलं. गाणी काकांनी बायकोच्या जुन्या कॅसेटवरून उतरवली होती. ती, म्हणजे फिलूमावशी, जाऊन सहा वर्षं झाली. पाण्याच्या गाण्याला पुढे तीच असायची.

छपाईआधी पुस्तक तपासायला त्यांनी माझ्याकडे दिलं. फाईलच दिली, म्हणाले, "चुका काढा." मी काढल्या. 'पानी' जिथे जिथे होतं तिथे 'पाणी' केलं. शिवाय एक बारीक खूण, मासे पकडायच्या गळासारखी, 'पानी' शब्दाच्या बरोबर मध्ये, पा आणि नी यांच्या दरम्यान येत होती. पहिल्या पानावरच्या यादीत ती नव्हती. शब्द मध्येच तुटत होता. टायपिंगची चूक समजून मी तेवीस ठिकाणांहून ती काढून टाकली आणि स्वच्छ प्रत प्रिंट काढून त्यांच्या दारात ठेवली.

दुसऱ्या सकाळी काका बेल न वाजवता आत आले. प्रत माझ्या टेबलावर ठेवली.

"पेपरवाले, किती वर्षं लोकांच्या तोंडातले शब्द बदलत होता?"

"बत्तीस," मी सांगितलं.

"हा न तिच्या तोंडातला आहे. त्याचा ण करायला तुम्हाला कोनी सांगितलं?"

मी चूक मान्य केली. पण ती खूण, मी म्हणालो, यादीत नाही, तिचा अर्थ दिलेला नाही.

काका उभे होते ते बसले.

"फिलूला दमा होता," ते म्हणाले. "विहिरीचा चढ चढताना गायची. पा म्हनायची, श्वास घ्यायची, मग नी. मी चिडायचो. चार लोकांत सांगायचो, शब्द तोडू नको, हसतात लोक. बेचाळीस वर्षं सांगितलं."

"चालच तशी असेल," मी म्हणालो.

"चाल काय, सगळ्या बायकांची तीच. मास्तरचीपन जवळपास तीच. थांबायची ती एकटी."

"मग यादीत का नाही लिहिलं?"

"लिहिलं तर पोरी विचारतील का थांबायचं. गळ दिसला की थांबा, एवढंच सांगितलंय."

डेस्कवर एखादी दुरुस्ती मागे घ्यायची असली की आम्ही शब्दाखाली टिंबं देऊन समासात 'जसेच्या तसे' लिहायचो. त्या दिवशी मी ते तेवीस वेळा लिहिलं, आणि मग काकांच्या शेजारी बसून त्यांच्याच कॉम्प्युटरवर एकेक न आणि एकेक गळ परत लावला.

लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून निघालेल्या पोरींच्या हातात पुस्तकं होती. पुढे बँड, मागे कळशी डोक्यावर घेतलेल्या बायका. पहिल्याच ओळीला पोरी 'पा' म्हणाल्या आणि सगळ्या एकदम थांबल्या. क्लॅरिनेटवाल्याला माहीत नव्हतं, तो एकटाच पुढे निघून गेला.

मी काकांकडे पाहिलं. एवढ्या चुकीवर ते बँड थांबवतील असं मला वाटलं होतं. ते खाली बघत होते. पोरींनी श्वास घेतला, तेव्हा त्यांनीही घेतला.