स्टार्ट मेनूतली पंगत

बाळांनो, मांडी घालून बसा. मोबाइल खाली ठेवा. तुझापण.

एका जंगलात एक कॉम्प्युटर होता. तो सिंहाच्या गुहेत होता आणि गुहा होती उंच टेकडीवर. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातलं बटण दाबलं की स्टार्ट मेनू उघडायचा आणि सगळ्या प्रोग्रामचे शॉर्टकट दिसायचे. शिकारीचं वेळापत्रक, गर्जनेचं रेकॉर्डिंग, पत्त्यांचा डाव. सगळी खिचडी. पण काम चालायचं.

त्या गर्दीत 'बांधाचं दार' नावाचा एक शॉर्टकट होता. ओढ्याचं पाणी चढलं की तो दाबायचा. मग बांधाचं दार उघडायचं आणि पाणी पलीकडच्या दरीत निघून जायचं. नाही दाबला, तर पाणी काठावरच्या बिळांत शिरणार. एका म्हाताऱ्या पाणमांजराने ही सोय करून ठेवली होती. ते मरून गेलं, सोय राहिली.

ओढ्याकाठच्या बिळात साळू नावाची साळिंदर राहायची. तिला नुकतीच दोन पिल्लं झाली होती. त्यांचे काटे अजून मऊ होते. बांधाच्या भरवशावर ती निवांत झोपायची.

एक दिवस शेजारच्या जंगलातला वाघ पाहुणा म्हणून आला. त्याने तो मेनू पाहिला आणि नुसतं "अरेरे" म्हणाला. सिंहाला ते फार लागलं. त्याने रानडुकराला बोलावलं. टापटिपीचं खातं रानडुकराकडे होतं. का, ते विचारायचं नाही.

"मेनू आवर," सिंह म्हणाला. "आल्यागेल्यासमोर शोभा होते."

"आवरतो, महाराज. पण लावू कसा?"

"कसा म्हणजे? मानाने लाव! लग्नात पंगत बसवतोस तसा."

रानडुकराने पंगत बसवली. सगळ्यात वर गर्जनेचं रेकॉर्डिंग, कारण गर्जना महाराजांची. त्याखाली पत्त्यांचा डाव, कारण महाराजांचे मेव्हणे तरसराव तो रोज खेळत. अस्वलाचा शॉर्टकट माकडाच्या खाली गेला, तर अस्वल रुसून जेवेना. शेवटी दोघांना शेजारी शेजारी बसवलं. बाळांनो, राज्यकारभार फार कठीण असतो.

'बांधाचं दार' तेवढं उरलं.

"हे कोणाचं?" तरसरावांनी विचारलं.

"पाणमांजराचं," रानडुक्कर म्हणालं. "ते वारलं."

"मागे कोणी आहे?"

"कोणी नाही."

"मग रुसणार कोण? टाक कुठेतरी आत."

रानडुकराने 'इतर' नावाचा फोल्डर केला. त्यात 'किरकोळ' केला. त्यात आणखी बरेच केले आणि त्यांतल्या एकात दार टाकून दिलं. कोणत्या, ते त्याच्याही लक्षात राहिलं नाही.

मग नव्या मेनूचं उद्घाटन ठरलं. वाघाला मुद्दाम बोलावलं. शाली आणल्या, नारळ आणला. भाषणं सुरू झाली आणि तिकडे वरच्या डोंगरात ढग फुटला.

साळू धापा टाकत गुहेत शिरली. ती निथळत होती. तोंडात एक पिल्लू होतं. ते तिने टेबलाखाली ठेवलं.

"महाराज, पाणी बिळात शिरतंय! माझं दुसरं पिल्लू आत आहे. दार उघडा हो!"

"उघडू की," तरसराव म्हणाले. "आधी नारळ तर फुटू दे, बाई. पाहुणे बसलेत."

साळूने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ती तशीच माघारी धावत सुटली.

नारळ फुटला. मेनू उघडला. "वा, वा!" वाघ म्हणाला. सिंह सुखावला. मग रानडुकराने 'इतर' उघडलं, 'किरकोळ' उघडलं, पुढचं उघडलं, चुकलं म्हणून मागे आलं. घाईत एकदा पत्त्यांचा डावच उघडला. "असू दे, असू दे," तरसराव म्हणाले आणि एक पान लावून मोकळे झाले.

शेवटी शॉर्टकट सापडला. रानडुकराने तो दाबला. पडद्यावर अक्षरं आली: 'दार उघडले आहे.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

साळू ओढ्यावर पोचली तेव्हा तिथे बीळ नव्हतं. बांधही नव्हता. ती पाण्यात उतरून खूप वेळ शोधत राहिली. पिल्लू सापडलं नाही.

सिंहाला खरंच वाईट वाटलं. त्याने लगेच हुकूम काढला. 'बांधाचं दार' पार आतून बाहेर आलं आणि मेनूत सगळ्यात वर बसलं, गर्जनेच्याही वर. त्याला त्या पिल्लाचं नाव द्यायचं ठरलं. पण त्याचं नाव अजून ठेवलंच नव्हतं.

आता कोणी पाहुणा आला की सिंह स्वतः तो शॉर्टकट दाबून दाखवतो. 'दार उघडले आहे' असं येतं. पाहुणे माना डोलावतात. खाली ओढा हवा तसा वाहतो, कारण बांध पुन्हा कोणी घातला नाही. साळू राहिलेल्या पिल्लाला जवळ घेऊन झोपते म्हणतात. निवांत मात्र नाही.

तात्पर्य: बाळांनो, शॉर्टकट मेनूत वर आहे की खाली, याची काळजी करू नये. आपलं बीळ तेवढं वर असावं, शक्यतो राजाच्या मेव्हण्याच्या शेजारी.