चांदणी घोडीकरिता महाराजांनी पोट उतरविले त्याची हकीकत

श्रीलंबोदरास, ज्यास मोदक किती झाले हे कोणी पुसले नाही, दंडवत घालून लिहितो. शके सोळाशे बाहत्तर, आषाढमास. तिथी स्मरत नाही, त्या दिवशी आम्ही पुरणपोळी जेवून सुस्त होतो. तेव्हां राज्यात ऐसे वर्तमान जाहले की, महाराजांची लाडकी घोडी चांदणी, जिजवर बसून ते बारा वर्षे दसऱ्यास शीव ओलांडीत, ती महाराज बसताच गुडघे टेकून खाली बसली. आणि गंगोबा वैद्य यांणी तिची पाठ चाचपून सांगितले, "घोडी धडधाकट आहे, ओझे फाजील आहे." महाराजांस रडू आले. दुसरी घोडी आणू म्हणताच, "खबरदार!" ऐसे गर्जले. मग ताजव्यात बसले, तो तोल तीस पायली ज्वारी भरला. वैद्य बोलिले, "दसऱ्यास सत्तावीस भराल तर बसा, नाहीतर तिचा कणा जाईल."

मग वैद्यांनी वय, उंची, तोल धरून अदमास बांधिला की, महाराज नुसते निजले तरी अंगातल्या अग्नीस रोज एकोणीसशे उष्मांक लागतात, बैठ्या माणसास तेवीसशे, आणि चालणाऱ्यास तीन हजार. "महाराज चालतात किती?" "रोज तीन कोस! देऊळ, बाग, दरबार, कोठे जात नाही आम्ही?" मग तीन हजारांतून पाचशे उणे करून पंचवीसशेंचे ताट ठरले, आणि महाराजांनी जिलबीकडे पाठ केली, आणि बाईसाहेबांनी तुपाची वाटी लपविली, आणि महिन्याने तोल पाहिला तो साडेतीस पायली! चोरून तूप वाढल्याचा संशय बाईसाहेबांवर आला, त्या रुसल्या.

तेव्हां पालखीचा भोई सटवाजी, ज्याची विजार कमरेवर राहीना, हात जोडून बोलिला, "रागावू नका धनी. तीन कोस होतात खरं, पर ते आम्ही चालतो. तुम्ही आत बसता." महाराज प्रथम लाल जाहले, मग पोट धरून हसले, आणि बाईसाहेबांची समजूत घालून आले. वैद्यांनी तेवीसशेंतून पाचशे उणे करून अठराशेंचे ताट केले. पालखीवाचून राजाने बाहेर पडू नये ऐसा रिवाज. म्हणून पालखी रिकामीच पुढे, आणि मागे महाराज चांदणीचा लगाम धरून पायी, ऐसे रोज चालू लागले.

दसऱ्यास तोल अठ्ठावीस भरला. एक पायली जास्त! वैद्यांचेच मन द्रवले, हळूच म्हणाले, "बसा. कोणास काय कळते?" महाराज बोलिले, "तिला कळेल." आणि पायीच निघाले. शिवेशी चांदणी थबकली आणि मान वळवून आपल्या रिकाम्या पाठीकडे पाहू लागली. महाराजांनी तिचे गळ्यात हात घातला, "चल बाई. बारा वर्षे तू नेलेस, आज बरोबरीने जाऊ." हे लिहिताना आमचे डोळे भरले, लपवीत नाही.

सारांश, चालतो कोण हे कळल्यावर अदमास खरा ठरला. संक्रांतीस तोल सत्तावीस भरला, आणि महाराज रिकिबीत पाय घालून बसेतो चांदणी जागची हलली नाही, तिने गुडघेही टेकले नाहीत.