मनोहर भाऊजींच्या बिअरमधला फॉल्ट

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. कोणी वाचणार असेल तर त्याने सांभाळून घ्यावं. मनोहर भाऊजींच्या हाती हे पडलं तर मात्र ते खूश होतील, कारण कुठे चूक दिसली की या माणसाचा चेहराच उजळतो.

भाऊजी आमच्या समोरच्या घरात राहतात. नात्याने कोणी नाहीत. आमचे हे आणि भाऊजी इथे इंग्लंडात, स्लाऊला, एकाच कारखान्यात होते. हे मशीनवर, भाऊजी इन्स्पेक्शनला. म्हणजे यांनी दिवसभर माल करायचा आणि भाऊजींनी तो नापास करायचा. एवढं असून दोघांची दोस्ती टिकली, याचं मला अजून नवल वाटतं.

रिटायर झाल्यावर नापास करायला काही उरलं नाही, तेव्हा भाऊजी घरी बिअर करायला लागले. पेल एल म्हणतात तिला. सोनेरी रंगाची, जरा कडसर. रविवारी दुपारी ते बाटली घेऊन आमच्याकडे येतात. कानामागे पेन्सिल. हे घोट घेतात आणि म्हणतात, "छान आहे रे."

"छान म्हणजे काय?" भाऊजी चिडतात. "छान हे माप आहे का? फॉल्ट सांग, फॉल्ट!"

स्वतः ते घोटभर घेतात, पण मत देत नाहीत. "ज्याने माल केला त्याने पास करायचा नसतो," म्हणतात.

भाऊजींचं लग्न राहून गेलं. हे म्हणतात, "मुली बघायला गेला असशील आणि फॉल्ट काढत बसला असशील." त्यावर भाऊजी शांतपणे म्हणतात, "नाही रे. मीच रिजेक्ट झालो. तीनही ठिकाणी."

बिअर कशी करतात ते मला त्यांच्यामुळे कळलं. मोड आणून वाळवलेले जव भरडायचे, गरम पाण्यात तासभर ठेवायचे, मग ते गोड पाणी गाळून उकळायचं. त्यात हॉप्स नावाची वाळकी फुलं टाकायची. आधी टाकली तर कडूपणा येतो, शेवटी टाकली तर वास येतो. मग गार करून यीस्ट घालायचं आणि वाट बघायची. ज्या दिवशी त्यांच्याकडे जव शिजतात त्या दिवशी आमच्या दारापर्यंत गव्हाच्या खिरीसारखा वास येतो. मला तो आवडतो. मी तोपर्यंत कधी प्यायले नव्हते, पण वास घ्यायला काय हरकत आहे?

एका थंडीत त्यांनी यीस्ट घातलेला डबा गोधडीत गुंडाळून बॉयलरच्या उबदार कपाटात ठेवला. आई दही असंच लावायची, म्हणाले. ती बाटली उघडली आणि घरभर पिकलेल्या केळ्यांचा वास सुटला.

"मन्या," हे म्हणाले, "ही बिअर आहे की शिकरण?"

दुसरा कोणी रागावला असता. भाऊजींनी पेन्सिल काढली, बाटलीच्या लेबलावर 'शिकरण' असं लिहिलं आणि खुर्ची ओढून बसले. ऊब जास्त झाली का, गोधडी काढावी की नुसती चादर घालावी, यावर दोघे अंधार पडेपर्यंत बोलत होते. मी दोनदा चहा केला.

आमच्याकडून निघाले की ते आपल्या शेजारच्या लिंडाकडे जायचे. लिंडाने एकदा सांगितलं, की गिळल्यावर जिभेवर खडूसारखं काहीतरी राहतं. भाऊजींनी घरी जाऊन किटली उघडून पाहिली. आमच्याकडचं पाणी जड, किटलीला आतून पांढरा थर बसतो. फॉल्ट पाण्यात होता! मग पाण्यावर उपचार सुरू झाले, हॉप्स काट्यावर तोलून पडायला लागली. दर वेळी ते लिंडाला विचारायला जायचे आणि परत येताना त्यांच्या हातात तिच्या केकचा तुकडा असायचा.

असं करत करत गेल्या वर्षी ती बिअर जमली. अगदी जमली. यांनी घोट घेतला, ग्लास उजेडात धरला, आणखी एक घोट घेतला.

"काय?" भाऊजी म्हणाले.

"काही नाही. हीच ठेव. आता हात लावू नकोस."

"फॉल्ट?"

"नाही रे बाबा. संपलं तुझं काम."

भाऊजींनी बाटली उचलली. मग लिंडाकडे गेले. मी खिडकीतून पाहत होते. तिने दारातच चव घेतली, "परफेक्ट, लव्ह! डोंट टच इट," म्हणाली आणि थंडी होती म्हणून दार लावून घेतलं. भाऊजी केकशिवाय घरी गेले.

त्यानंतर पुष्कळ दिवस खिरीचा वास आला नाही.

एका सकाळी तो पुन्हा आला, तेव्हा मी थालीपिठं घेऊन त्यांच्याकडे गेले. पातेलं उकळत होतं. तोलायचा काटा ओट्यावर होता, पण भाऊजींनी पिशवीत हात घातला आणि मूठभर हॉप्स तशीच पातेल्यात टाकली. मग आणखी एक मूठ.

"भाऊजी, तोलली नाहीत?"

ते दचकले. "त्याला सांगू नका, वहिनी." मग पातेल्याकडे बघतच म्हणाले, "बरोबर झाली की कोणी बोलत नाही हो."

मला पटकन बोलायला जमत नाही. थालीपिठं ठेवली आणि आले.

त्या बाटलीच्या वेळी हे ओरडले, "मन्या, कडुलिंब उकळलास काय!" आणि दोघे दुपारभर भांडले. भाऊजी अगदी खुलले होते. पण त्यानंतरचीही तशीच निघाली, आणि तिच्यानंतरचीही. यांना तीच ती चव किती वेळा चालणार?

"पुरे आता," हे म्हणाले. "जमलेली गोष्ट घालवलीस. लिंडाने तुझी बाटली सिंकमध्ये ओतली, ठाऊक आहे? यापुढे आणत जाऊ नकोस."

यांच्या मनात वाईट नव्हतं. पण भाऊजींचा चेहरा मला बघवला नाही.

पुढच्या रविवारी ते आले. "जुन्या मापाने केलेली आहे," म्हणाले. "एवढी घे. शेवटची."

हे प्यायले आणि हसले. "बघ! ही खरी. काय छान आहे!"

"फॉल्ट नाही ना?"

"शोधूनही सापडणार नाही."

"मग झालं," भाऊजी म्हणाले. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी खिशात ठेवली आणि दाराकडे वळले.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. काय झालं मला कळलं नाही. पुढे होऊन मी यांच्या हातातला ग्लास घेतला आणि एक घोट घेतला. जन्मात पहिला. खोटं कशाला सांगू, मला ती बरी लागली. संत्र्याची साल सोलताना येतो तसा वास होता.

"फॉल्ट आहे," मी म्हटलं.

भाऊजी दारातून मागे वळले.

"कुठला, वहिनी?"

"असा उभ्याने नाही सांगता येणार. बसा तुम्ही. भात झालाच आहे. जेवता जेवता सांगते."

यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्ची पुढे ओढली. "बस रे मन्या. ही एकदा फॉल्ट काढायला लागली की लवकर आटपत नाही. मला विचार."

भाऊजी बसले. खिशातली पेन्सिल पुन्हा बाहेर आली. मी वास म्हटलं, फेस म्हटलं, रंग म्हटलं, सुचेल ते म्हटलं. ते प्रत्येकावर वाद घालत होते आणि भात वाढून घेत होते. चहाची वेळ झाली तरी माझं सांगून संपलं नव्हतं. मग म्हटलं, उरलेलं पुढच्या रविवारी.

बाटली न आणता आलात तरी चालेल, असंही म्हणायचं होतं. तेवढं मात्र तोंडातून निघालं नाही.