तीन तारे सरकवले त्याची गोष्ट

आमच्या नणंदबाईंनी आकाशातल्या चुका शोधण्यात जन्म घालवला, पण आकाशाकडे त्या ढुंकून बघत नाहीत. रात्री नऊला घोरतात. "वन्सं, गच्चीवर चला," म्हटलं की म्हणतात, "वरचे तारे जागेवरच असतात ग. त्यात काय बघायचं?"

बडोद्यात गोरव्याच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं यंत्रांची ड्रॉइंगं काढली. तेव्हा रविवारी आणि आता रोज, अकोट्याच्या आमच्या घरी दुपारची ताटं उचलली, की त्याच टेबलावर शेकडो वर्षांपूर्वीच्या ताऱ्यांच्या नकाशांच्या प्रती पसरतात. त्या काळी तारा खरा कुठे होता याचं गणित मांडायचं, आणि नकाशावाल्याने तो कुठे ठेवला ते मोजायचं. अख्खं बडोदं "चालशे, चालशे" म्हणत सुखात जगतं. वन्संचा एकच प्रश्न, "कितीने?" आमटीत मीठ जास्त झालं तरी, "कितीने?"

मी लग्न होऊन आले ती बी.ए.चा तोरा घेऊन. "द्या, मी उतरवते," म्हणून एक नकाशा ट्रेसिंग कागदावर घेतला. एक तारा चुकला. खोडण्याचा कमीपणा कोण घेणार? शेजारचे दोन सरकवून चित्र झकास जमवलं. वन्संनी नुसती पट्टी लावली.

"मालू, एक तारा चुकला तर हात हलला. तीन मिळून सरकले तर कुणीतरी लपवतंय."

रागावल्या मात्र नाहीत. चुकणाऱ्यांवर त्यांचा जीवच. एका नकाशातले सगळे तारे एकाच बाजूला झुकलेले निघाले, तर केवढ्या हळहळल्या! "बिचाऱ्याचा डोळा अधू असणार. कुणी सांगितलंच नसेल त्याला."

गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःचंच जुनं मोजमाप पडताळलं. जुन्यापेक्षा नवे सगळे आकडे उजवीकडे सरकलेले. नकाशा तोच, पट्टी तीच. वन्संनी चष्मा काढून ठेवला.

"मालू, डोळा गेला ग माझा."

आठवड्याने डॉक्टरांनी तेच सांगितलं. पण आधी शोधलं ते आमच्या वन्संनी, हे मी सोसायटीत दारोदार सांगून आले.

शेवटचा नकाशा तेवढा अर्धा राहिलाय. काल त्यांनी पट्टी माझ्यापुढे सरकवली.

"मी? अहो, तीन तारे सरकवणारी मी!"

"म्हणून तर. तुझी लबाडी मला आवाजावरून कळते."

मी पहिला आकडा वाचला. वन्संनी डोळे मिटून ऐकला.

"नीट बघून सांग."

मी पुन्हा मोजला.