केतकीला थांबवणारा माणूस

आमचे राठोडकाका गेली कित्येक वर्षं एका मुलीला वाचवायचा प्रयत्न करत आहेत. ती दर हिवाळ्यात त्यांच्या डोळ्यांदेखत नदीत बुडते.

मुलीचं नाव केतकी. ती एका जुन्या संगीत नाटकात आहे. नाटकाचं खरं नाव चांगलं लांबलचक आणि संस्कृत आहे, पण पांढरकवड्यापासून मुकुटबनपर्यंत सगळे त्याला 'केतकी'च म्हणतात. गोष्ट साधी. केतकी नदीकाठच्या पाटलाची मुलगी. तिचा विजयसेन लढाईवर गेलेला. कोणीतरी दुष्टपणाने येऊन सांगतं की तो पडला. शेवटच्या अंकात नदीला पूर येतो, केतकी एकटीच नावेत बसते, दोर सोडते आणि गात गात पुरात निघून जाते. नाव एका विंगेत दिसेनाशी होते न होते, तोच दुसऱ्या विंगेतून विजयसेन धावत येतो. मग तो गातो. मग तोही कोसळतो. मग नुसती पेटी वाजत राहते आणि अख्खा तंबू रडतो.

केतकीने दोराला हात घातला की राठोडकाका प्रेक्षकांतून उभे राहतात आणि ओरडतात, "थांब व माय! येऊन राह्यला तो!"

मी पहिल्यांदा त्यांच्यासोबत गेलो तेव्हा मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. मी मास्तर माणूस, आर्णीच्या शाळेत शिकवतो, आणि माझ्या शेजारी साडेसहा फुटी, पांढऱ्या मिशांचा म्हातारा एका रंगवलेल्या नदीकडे हात करून बोंबलतो आहे! पण आजूबाजूला कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला एवढंच म्हणाली, "आर्णीचे डायवर आले वाटते."

नाटक मंडळीतली केतकीसुद्धा त्यांना सरावली होती. ती दोर हातात धरून त्यांच्या हाकेची वाट पाहायची. एकदा काकांचा घसा बसला होता. ते उभे राहिले, तोंड उघडलं, पण आवाज काही निघेना. केतकी बिचारी दोर धरून उभी. पेटीवाला तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवतोय. शेवटी काकांनी नुसतेच दोन्ही हात हलवले, तेव्हा कुठे ती बुडायला मोकळी झाली.

काका लाल बसवर ड्रायव्हर होते. मूळ दिग्रसकडच्या बंजारा तांड्यावरचे. पूर्वी तांडेच्या तांडे बैलांवर माल लादून देशभर फिरत. काका म्हणत, "आजानं बैल हाकलले, मी बस हाकलली. आमच्या खानदानात बसून कोणी खाल्लं नाई." रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी जगाकडे ते ड्रायव्हरच्या सीटवरूनच बघत. लग्न असो की मयत, त्यांना सगळीकडे टायमिंगची चूक दिसायची. केतकीच्या नाटकावरही त्यांची समीक्षा तयार होती.

"पूर आलेला आहे. किनाऱ्यावर नाव बांधेल आहे. अन् ड्युटीवर नावाडी नाई! कोण जबाबदार याले? मी असतो तं नाव हालू देली नसती. मांगून पॅसेंजर पळत येऊन राह्यला, आरशात दिसते, तं आपण थांबतो का नाई?"

"काका, नावेला आरसा नसतो."

"तेच सांगून राह्यलो ना मी!"

केतकीच्या शेवटच्या पदाला लोक वन्समोर देत. मग वाहून गेलेली केतकी विंगेतून नाव ढकलत परत येई, पुन्हा गाई आणि पुन्हा बुडे. काकांना वन्समोरचा भयंकर राग. "एकडाव बुडाली ते पुरे नाई का? दोन-दोनदा बुडवता लेकराले!" असं म्हणत ते मागे वळून वन्समोरवाल्यांवर डोळे वटारत. आणि दुसऱ्यांदा तिने दोराला हात घातला की पुन्हा उभे राहत.

माझ्याकडे जुनी मारुती आली तेव्हापासून त्यांना नेण्याचं काम माझ्याकडे आलं. ते स्वतः चालवत नसत. "माह्यी गाडी चालवून झाली," म्हणत. शेजारी बसून मला मात्र सोडत नसत. "मास्तर, गेअर टाकून राह्यले का मुळा उपटून राह्यले?" आर्णीहून मुकुटबनपर्यंत हे ऐकायचं.

तरीही मी जात राहिलो. मला सवय लागली म्हणा. दिवाळी सरली, मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस आले की त्या बाजूच्या गावांमधून तंबू पडतात आणि नाटक रात्रभर चालतं. कापसाच्या शेतांवर धुकं उतरलेलं असतं. दुरूनच पेटीचा सूर ऐकू येतो आणि अंधारात एक पिवळा चौकोन उजळलेला दिसतो. आत बायका-पोरं चादरी पांघरून बसलेली. कोणी पेंगतं, कोणी जागं होतं, झोपेतून उठलेल्याला केतकी कुठवर आली हे विचारावं लागत नाही, पद ऐकूनच कळतं. पडद्यावरची नदी मागून कोणीतरी हलवतं आणि ती खरंच वाहायला लागते. अर्धवट झोपेत मला अनेकदा वाटलं आहे की आपण प्रेक्षक नाही, काठावर उभे असलेले लोक आहोत, आणि पलीकडून घोड्यांच्या टापा ऐकू येत आहेत.

एकदा मी काकांना विचारलं, "शेवट माहीत असतो, तरी तुम्ही दरवर्षी ओरडता?"

"शेवट तं सगळ्यायलेच माईत असते, मास्तर," ते म्हणाले. "तरी सकाळी उठून दाढी करतोच ना आपण?"

मागच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला मात्र वेगळंच झालं. मंडळीचे जुने मालक थकले आणि कारभार त्यांच्या पुतण्याने घेतला. पुतण्या हुशार. त्याला वाटलं, आता लोकांना रडकं नको असतं. त्या दिवशी केतकीने दोराला हात घातला, काका उठून ओरडले, "थांब व माय! येऊन राह्यला तो!" आणि केतकी थांबली.

विजयसेन धावत आला. त्याने नावेत उडी मारली. वरून झेंडूच्या पाकळ्या पडल्या. दोघांनी मिळून एक जलद चालीचं गाणं म्हटलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मीही टाळ्या वाजवल्या आणि काकांच्या पाठीवर थाप मारली.

"वाचली ना काका, एकदाची!"

"हाव," काका म्हणाले. "वाचली."

ते तसेच उभे होते. येताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत. मी वणीच्या वळणावर गेअर चुकलो, तरी नाही.

त्यानंतर काका बिघडले. भाजीवाल्याशी भांडले. गल्लीतल्या स्कूटरच्या हॉर्नवरून भांडले. ओट्यावर बसून मोठमोठ्याने रेडिओ लावायचे आणि लगेच बंद करायचे. एका रविवारी सकाळीच माझ्या दारात आले.

"मास्तर, गाडी काढा. त्या पुतण्याले भेटाचं आहे."

मंडळीचा मुक्काम वणीच्या बाजूच्या एका खेड्यात होता. पुतण्या शाळेच्या पटांगणात पडदे वाळत घालत होता. काकांना पाहून खूश झाला. म्हणाला, "या काका! शेवट बदलला तो तुमचा विचार करूनच. तुम्हीच तर इतकी वर्षं थांब थांब म्हणून ओरडत होते!"

"ओरडणारच!" काका कडाडले. "म्हणून काय थांबवाचं का? तिले वाचवाचं काम माह्यं आहे. तुमचं काम तिले बुडवाचं. ज्यानं त्यानं आपलं काम करावं!"

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्यांकडे पाहिलं.

"लोक हसत घरी गेले, काका."

"हसाले लोकायले दुसरी जागा नाई का?" काकांचा आवाज एकदम खाली आला. "लोक थंडीत लेकरं घेऊन, कुठून कुठून येते. पोटभर रडाले येते. तुमी त्यायच्या हातावर पेढा ठेवून राह्यले. मंग ते रडतीन कुठी?"

पुतण्याने हातातला पडदा दोरीवर टाकला. मग म्हणाला की केतकी करणारी बाईसुद्धा हेच म्हणते. मुकुटबनच्या प्रयोगाला जुना शेवट करून बघू.

परत आलो त्याच संध्याकाळी शेवंताकाकू आमच्याकडे आल्या. काकू म्हणजे काकांच्या पत्नी. बोलणं कमी, पाय भरभर. नाटकाला त्या कधी आल्या नव्हत्या. कोणी विचारलं तर "मले काम नाई का?" म्हणत. काका गेले की दार लावून घेत. त्या दिवशी त्या माझ्या बायकोच्या हातात वालाच्या शेंगा देऊन माझ्याकडे वळल्या.

"मास्तर, ते नाटक पह्यल्यासारखं होईन ना?"

"होईल म्हणाला तो. पण काकू, तुम्हाला कशाला काळजी?"

त्या उंबऱ्यावरच बसल्या. मग म्हणाल्या, "आमाले लेक होती, सुनी. ठाव नसन तुमाले."

आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही या गल्लीत नंतर आलो. त्यांचा एक मुलगा पुण्यात असतो एवढंच आम्ही ऐकलं होतं. भिंतीवर फोटोही नव्हता.

"दिग्रसले देली होती. कावीळ झाली अन् गेली. मी तं आडवीच पडली. म्हणून हे घट्ट राह्यले. एक टिपूस काढला नाई. मंग तसेच राहून गेले. मले भोवळ येईन म्हणून हे तिचं नाव काढत नाई. ह्यायले काई होईन म्हणून मी काढत नाई."

माझी बायको शेंगा हातात धरून तशीच उभी होती.

"नाटकाले गेले का हे तेथी रडून येते," काकू म्हणाल्या. "डोळे पाह्यले का समजते मले. तेथी सगळेच रडते, कोणी कोणाले काहून म्हणून इचारत नाई. अन् हे गेले का इकडे घर माह्यं असते. मीबी रडून घेतो. मंग सकाळी हे आले का मी चहा मांडतो. त्या दिवशी आमी दोघं लय चांगले बोलतो."

आणि मग हलकेच म्हणाल्या, "ह्या डाव हे कोरडेच आले. मलेबी समजेना, आता कसं करावं."

माझी बायको म्हणाली, "काकू, तुम्ही मुकुटबनला जा ना यांच्यासोबत."

काकू हसल्या. "मी? मी कायले?" पण त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

मुकुटबनला निघायच्या दिवशी मी गाडी दारात लावली तर काकू शाल गुंडाळून मागच्या सीटवर येऊन बसल्या. काकांची धांदल उडाली. "तुले कायले यायचं? थंडी लागीन. रात्रभर बसावं लागते. त्यात काईच नाई पाह्यासारखं!"

"तुमी इतली वर्षं काय पाहून राह्यले मंग?" काकू म्हणाल्या. काका निमूट पुढे बसले.

तंबूत आम्ही तिघं एका रांगेत होतो, काका मधे. पहिले अंक त्यांनी खुर्चीच्या कडेवर बसून काढले. सारखे काकूंकडे बघत. विजयसेन लढाईला निघाला तेव्हा म्हणाले, "चहा आनू का?" दुष्ट निरोप आला तेव्हा म्हणाले, "बाहेर जाऊन येतं का जरा?" काकू मान हलवत राहिल्या. त्यांची नजर रंगमंचावरून हलत नव्हती.

पहाट होत आली होती. पेटीने तो सूर धरला. पडद्यावरची नदी हलायला लागली. केतकी नावेत बसली, गायला लागली, आणि तंबूत कुठे कुठे पदर डोळ्यांना लागले. तिने दोराला हात घातला आणि आमच्या दिशेने पाहिलं.

काका उठायला लागले. काकूंनी त्यांचा हात धरला.

"बसा," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या तिले."

काका अर्धवट वाकून उभे होते तसे त्यांच्याकडे बघत राहिले. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. काका खाली बसले. केतकीने थोडी वाट पाहिली, दोर सोडला आणि गात गात निघून गेली. मग काकांच्या छातीतून असा आवाज निघाला की मी दुसरीकडे बघायला लागलो. सगळा तंबू रडत होता. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं.

परतताना उजाडलं. दोन्ही बाजूंना वेचायला आलेला कापूस, त्यावर धुकं, आणि रस्त्यावर आमच्याशिवाय कोणी नाही. काकाही मागे जाऊन काकूंशेजारी बसले होते. पांढरकवडा गेलं. मग काका खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"सुनीले अंबाडीची भाजी लय आवडे."

मागून काकूंचा आवाज आला, अगदी रोजचा.

"कुठी आवडे? पाण्यासंगं गिळे ती."

"नाई व! मांगून मांगून घे."

"तुमी ताटावर असले का मांगे. तुमाले आवडते म्हणून. मंग चुलीपाशी येऊन माह्यावर चिडे, का काहून केली म्हणून."

काका गर्रकन वळले. "मले कधी सांगतलं नाई तू!"

"तिनंच सांगू नको म्हणलं होतं."

काकांनी तोंडावर हात ठेवला. खांदे हलायला लागले. रडतात की हसतात हे मला आरशात कळेना. दोन्ही असावं. मग मिशा पुसत म्हणाले,

"आनखी काय काय लपवलं मायलेकीनं?"

"लय आहे," काकू म्हणाल्या. "पह्यलेपासून सांगू का?"

"सांग ना."

काकूंनी शाल सारखी केली, अर्धी काकांच्या गुडघ्यांवर टाकली आणि सांगायला सुरुवात केली. घाटंजी मागे पडली तेव्हा सुनी नुकतीच शाळेत जायला लागली होती, आणि आर्णी अजून बरीच लांब होती.