पाचपैकी तीन

समोरच्या माणसाची लायकी दहा सेकंदांत ओळखून त्याला नेमके मार्क देणारा दुसरा माणूस या भूतलावर नाही, असा गणिताच्या निवृत्त सरांचा ठाम दावा होता. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही विद्यार्थ्याला दहापैकी साडेसातच्या वर जाऊ दिलं नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, गणितात उत्तर बरोबर आलं तर मार्क कापणार कसे? अहो, कापणाऱ्याला काय कमी! समास सोडला नाही, एक गेला. उत्तराखालची रेघ वाकडी, अर्धा गेला. उरलेला एक पोराच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून जायचा. पोरं पाठीमागे त्यांना 'साडेसात सर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्या गुरुवारी स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. परगावी राहणाऱ्या मुलीने मागच्या खेपेला सरांच्या फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं होतं. बटण दाबलं की प्लंबर दारात! सरांनी दाबलं आणि वीस मिनिटांत खरोखरच एक पंचेचाळिशीचा, भरघोस मिशांचा प्लंबर हजर झाला. त्याने वायसर बदलला, नळ तीनदा उघडून-मिटून दाखवला आणि जाताना ओटासुद्धा पुसला. सरांची बायको, जिला सगळी इमारत काकू म्हणते, ती तर बघतच राहिली. ओटा पुसणारा पुरुष त्या घरात पहिल्यांदाच आला होता.

तो गेला आणि फोनने विचारलं : किती तारे? पाचपैकी.

सरांच्या अंगात उत्साह संचारला. निवृत्तीनंतर चार वर्षांनी कुणीतरी मार्क मागत होतं! चष्मा पुसून ते खुर्चीत ताठ बसले. काम चांगलं, वादच नाही. पण पाना थेट ओट्यावर ठेवला होता. शिवाय काम करताना गुणगुणत होता. त्यांनी तीन तारे दिले आणि खाली शेरा लिहिला : 'समाधानकारक.' हा शेरा त्यांनी आयुष्यात जेमतेम पाच जणांना दिला असेल.

"साठ टक्के! फर्स्ट क्लास!" ते काकूंना म्हणाले. "फोन उघडून बघेल तेव्हा खूश होईल बिचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात प्लंबर, चेहरा उतरलेला.

"सर, काय चुकलं हो माझं?"

"चुकलं? अहो, फर्स्ट क्लास दिलाय तुम्हाला!"

"सर, तीन दिलेत तुम्ही."

"मग? तीन म्हणजे चांगलेच की!"

प्लंबरने बोटांवर मोजून सांगितलं. "सर, आमच्यात पाच म्हणजे काम झालं. चार म्हणजे भांडण झालं."

"आणि तीन?"

"तीन म्हणजे हाणामारी."

"आणि दोन?"

"दोनवाला मी अजून पाहिला नाही, सर. तोवर त्याला काढलेलं असतं."

सरांनी त्याला आत घेऊन खुर्चीत बसवलं. मग सगळं बाहेर आलं. शेवटच्या दहा कामांची सरासरी साडेचारच्या खाली गेली की अ‍ॅपच्या यादीतून नाव उडतं. यादी शनिवारी सकाळी निघते. म्हणजे उद्या! प्लंबरची दोन मुलं शाळेत होती आणि नऊ वर्षांचं काम एका शेऱ्यापायी जाणार होतं.

सरांनी पेन काढलं. दहा कामांचे मिळून चव्वेचाळीस तारे. पुढच्या कामाला पाच मिळाले, तर सर्वांत जुन्या कामाचे चार तारे गळतील आणि बेरीज पंचेचाळीस होईल. सरासरी बरोबर साडेचार. "वाचलात! मी आत्ता पाच करून टाकतो."

पण दिलेले तारे बदलता येत नव्हते. नवं काम मागवलं तरच नवे तारे.

"मग खोटंच मागवा ना काहीतरी," काकू म्हणाल्या.

"खोटं?" सर केवढ्यांदा तरी ओरडले. "मी खोटी तक्रार करणार नाही! बिघाड खराच हवा."

"आणि तो कुठून आणायचा?"

सरांनी बाथरूमकडे पाहिलं.

प्लंबर "नको सर, नको सर" म्हणत होता, पण सरांनी त्याला जिन्यात नेऊन बसवलं. "इथून हलू नका. जवळचा प्लंबर म्हणून काम तुमच्याकडेच येईल." मग त्यांनी माळ्यावरचा गंजका पाना काढला आणि बाथरूममधला नळ पिळायला घेतला. बेत एवढाच होता, की थेंब थेंब गळावं. पण गणित वेगळं आणि नळ वेगळा! तिसऱ्या हिसक्याला अख्खा नळ सरांच्या हातात आला आणि पाण्याचा लोट थेट त्यांच्या छातीवर!

"मागव! फोनवर मागव!" सर तळहाताने भोक दाबत ओरडले.

काकूंनी बटण दाबलं. "आला! पण अहो, या फोटोतल्याला मिशाच नाहीत!"

"म्हणजे?"

"दुसराच कुणीतरी आहे. चाळीस मिनिटांनी येतोय!"

पाणी बाथरूमचा उंबरा ओलांडून बैठकीत आलं. आरडाओरडा ऐकून प्लंबर जिन्यातून धावत आला. "सर, माझे तारे कमी झालेत ना! आता दुसरा कुणी मोकळा असेल तर काम आधी त्याला जातं!" असं म्हणत त्याने गॅलरीतला मेन कॉक बंद केला, पिशवीतून नवा नळ काढला आणि पाच मिनिटांत बसवलादेखील. सगळं झकास! फक्त हे काम त्याच्या नावावर कुठेच नव्हतं.

सर चिंब अंगाने उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणाला तरी पाच द्यायचे होते आणि द्यायला जागा नव्हती. ते अगदी रडायच्या बेताला आले.

तेवढ्यात प्लंबरच्या खिशातला फोन वाजला. त्याने पाहिलं. "काम आलंय! याच इमारतीत. खालचा मजला. छतातून पाणी ठिबकतंय."

खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्स राहत. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. सरांनी मागवलेला बिनमिशांचा प्लंबर वाटेत अडकलेला, मोकळा उरलेला हा एकटाच! सर आणि प्लंबर एका दमात खाली पोचले. सिस्टर डोक्यावर छत्री धरून स्वतःच्या बाथरूममध्ये उभ्या होत्या.

"सर, वर तुम्ही पोहायला शिकताय का?"

"सिस्टर, पाणी बंद केलंय. यांनीच केलं." सरांनी प्लंबरला पुढे ढकललं. प्लंबरने छत पुसलं, खालची फरशी पुसली, सांधे तपासले. ठिबकणं थांबलं. सिस्टरच्या फोनने विचारलं : किती तारे?

"माझा चष्मा ओला झालाय," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हीच द्या, सर. तुमचा हात बसलाय त्यात."

सरांनी फोन हातात घेतला. प्लंबरने श्वास रोखला. बोट पाचव्या ताऱ्याकडे निघालं आणि चौथ्यावर येऊन थबकलं! कारण सरांना दिसलं, की छताच्या कोपऱ्यात एक ओला डाग पुसायचा राहिलाय. एवढासाच. पण राहिलाय!

"सर," प्लंबर हलकेच म्हणाला, "तो डाग सुकल्याशिवाय जात नाही हो."

सरांच्या कपाळावर घाम आला. चार दिले तर बेरीज चव्वेचाळीसच राहणार, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं? त्यांनी डोळे गच्च मिटले आणि बोट पुढे सरकवून दाबलं. पाच! उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पैकीच्या पैकी! परीक्षेचा पेपर फोडावा तसं त्यांना अपराधी वाटलं. प्लंबरने मात्र त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

वर येतात तो दारात बिनमिशांचा प्लंबर उभा. "काम कुठाय?"

"झालं ते."

"मग मला पाच द्या आणि मोकळे व्हा."

"पण तुम्ही केलं काय?"

"बिघडवलं तरी काय?" तो म्हणाला.

सरांना हा मुद्दा पटला. शिवाय त्यालाही घरदार असणारच. त्यांनी पाच देऊन टाकले. या वेळी डोळेसुद्धा मिटावे लागले नाहीत.

संध्याकाळी घर सुकवून दोघं जेवायला बसली. काकूंनी भाजी वाढली. सरांनी एक घास घेतला आणि त्यांच्या मनात भलतंच आलं. अडतीस वर्षं आपण हिच्या स्वयंपाकाला 'बरा झालाय' म्हणत आलो. म्हणजे अडतीस वर्षं आपण या बाईला रोज नापास करत होतो!

"उत्कृष्ट!" ते म्हणाले. "पाचपैकी पाच!"

काकूंचा हात वाढता वाढता थांबला. त्यांनी संशयाने स्वतः एक घास खाल्ला.

"अहो, मीठच नाहीये यात! त्या पाण्याच्या धांदलीत घालायचंच राहिलं. तुम्हाला लागलं नाही?"

"लागलं," सर पुटपुटले.

"मग पाच कसले देताय?"

सरांनी तसाच दुसरा घास घेतला. काकू डाव खाली ठेवून दुखावल्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही 'बरी झालीय' म्हणालात की मला कळायचं, भाजी खरंच बरी झालीय. साऱ्या जगात तेवढ्या एका गोष्टीवर माझा भरवसा होता. आता मी विचारायचं कुणाला?"

सर उठले, मिठाची बरणी घेऊन आले, चिमूटभर मीठ घालून भाजी कालवली आणि डोळे मिटून, सावकाश, एक एक घास चावून खाल्ला. मग त्यांनी घसा साफ केला.

"साडेतीन," ते म्हणाले.

"खरंच?" काकूंचा चेहरा खुलला.